काम नसताना प्रोसेसर काय करतो?

लिनक्स वापरायला लागलेली माणसं काही महिन्यांनी एक प्रश्न हमखास विचारतात. लॅपटॉप नुसता उघडा आहे, ब्राउझर बंद, गाणी बंद. ‘टॉप’ ही आज्ञा दिली तर प्रोसेसर ९० टक्क्यांहून जास्त रिकामा दिसतो. मग बॅटरी एवढी का उतरते? आणि शेजारच्या टेबलावरचा तसाच लॅपटॉप, तोही तेवढाच रिकामा, जास्त वेळ कसा टिकतो?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र ‘टॉप’मध्ये सापडत नाही. ‘प्रोक’ डिरेक्टरीत ‘स्टॅट’ नावाची एक फाइल असते. तिच्यात कर्नल प्रत्येक कोअरच्या वेळेचा हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागात मांडून ठेवतो: प्रोग्रॅमसाठी इतका वेळ गेला, कर्नलच्या स्वतःच्या कामाला इतका, आणि इतका रिकामा. ‘टॉप’ हाच हिशेब टक्क्यांत दाखवतो. त्या रिकाम्या वेळात प्रोसेसर किती गाढ झोपला होता आणि कितीदा उठवला गेला, हे त्या रकान्यात नसतं. वीज तर त्यावरच ठरते. ती नोंद कुठे मिळते, कशी वाचायची आणि वाचताना कुठे फसगत होते, ते या प्रकरणात पाहू.

१. रिकामपणाच्या पायऱ्या

कोअरकडे चालवायला काही उरलं नाही की कर्नल त्याला थांबायला सांगतो. जुन्या प्रोसेसरांत थांबणं एकाच प्रकारचं होतं. आता त्याच्या बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्यांना सी-स्टेट म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ‘एसीपीआय’ हे मानक जाहीर केलं, तेव्हापासून ही नावं रुळली. सी० म्हणजे काम चालू आहे. पुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ.

बाजारपेठेतला दुकानदार दुपारी गिऱ्हाईक नसताना काय करतो ते आठवा. पाच मिनिटांची उसंत असेल तर दिवे-पंखा तसेच ठेवून तो गल्ल्यावर टेकतो. अर्धा तास कोणी फिरकणार नाही असं वाटलं तर दिवे मालवून शटर अर्धं ओढतो. सगळी दुपारच रिकामी जाणार असेल तर बाहेर मांडलेला माल आत घेतो, कुलूप लावतो आणि घरी जेवायला जातो. दर पायरीला बचत वाढते, आणि दुकान पुन्हा मांडायचा खटाटोपही वाढतो.

कोअरचं अगदी असंच आहे. सी१ मध्ये त्याचं घड्याळ थांबतं, पण वीजपुरवठा चालू राहतो. हाक मारली की तो लगेच उठतो. सी६ मध्ये कोअरची सगळी अंतर्गत स्थिती एका राखीव मेमरीत उतरवून ठेवली जाते, त्याच्या जवळच्या कॅशमधला मजकूर बाहेर काढला जातो आणि कोअरचं व्होल्टेज जवळपास शून्यावर येतं. उठताना हे सगळं परत जागेवर आणावं लागतं, आणि त्यालाही वीज लागते.

म्हणून प्रत्येक पायरीबरोबर दोन आकडे येतात. पहिला जागं व्हायला लागणारा वेळ. दुसरा त्याहून महत्त्वाचा: या पायरीवर निदान किती वेळ राहिलं तर खटाटोप फायद्यात पडेल. इंटेलच्या २०१५ मधल्या स्कायलेक प्रोसेसरांसाठी लिनक्सच्या कोष्टकात हे आकडे असे आहेत. सी१ साठी जागं होण्याचा वेळ २ मायक्रोसेकंद, मुक्कामही २ मायक्रोसेकंद. सी६ साठी ८५ आणि २००. सी८ साठी २०० आणि ८००. सगळ्यांत खोल सी१० साठी ८९० आणि ५०००. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेव्हा सी१० परवडायचं असेल तर ५ मिलिसेकंद कोणी हाक मारता कामा नये. हा ५ मिलिसेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आणखी एक पातळी आहे. बाजाराच्या इमारतीतली सगळी दुकानं बंद झाली तरच जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप बंद करता येतो. तसंच सगळे कोअर गाढ झोपले तरच संपूर्ण चिपला, म्हणजे पॅकेजला, खाली उतरता येतं. सगळ्यांची सामाईक कॅश आणि मेमरीचा नियंत्रक यांची वीज तेव्हाच वाचते. एक कोअर जागा राहिला तर बाकीच्यांच्या झोपेचा बराचसा लाभ वाया जातो.

२. कर्नलचा अंदाज

कोणत्या पायरीवर उतरायचं हे ठरवायला पुढची हाक कधी येणार ते कळायला हवं, आणि ते आधी नक्की कळत नाही. कर्नलला अंदाज बांधावा लागतो. हे काम करणारी ‘सीपीयूआयडल’ ही व्यवस्था जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत लिनक्समध्ये दाखल झाली. वेंकटेश पल्लिपाडी, शाओहुआ ली आणि ॲडम बेले हे तिचे कर्ते. तिच्यातल्या अंदाज बांधणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. बहुतेक यंत्रांवर ‘मेनू’ नावाचा गव्हर्नर असतो. २०१९ मध्ये रफाएल विसॉत्स्की यांनी लिहिलेला ‘टीईओ’ हा दुसरा आला. दोघेही पुढचा टायमर कधी वाजणार हे पाहतात आणि त्याला अलीकडच्या अनुभवाची जोड देतात.

वाचकाच्या कामाची गोष्ट अशी की कर्नल आपला हा सगळा हिशेब उघड ठेवतो. ‘सिस’ डिरेक्टरीत डिव्हायसेस, मग सिस्टिम, मग सीपीयू असं आत गेलं की प्रत्येक कोअरच्या नावाखाली सीपीयूआयडल हा फोल्डर सापडतो. त्यात प्रत्येक पायरीचा एक फोल्डर, आणि त्यात छोट्या फाइली. ‘नेम’मध्ये पायरीचं नाव. ‘लेटन्सी’ आणि ‘रेसिडेन्सी’ हे वर सांगितलेले दोन आकडे. ‘युसेज’मध्ये ही पायरी कितीदा निवडली. ‘टाइम’मध्ये तिथे एकूण किती मायक्रोसेकंद गेले. नव्या कर्नलमध्ये ‘अबव्ह’ आणि ‘बिलो’ अशा आणखी दोन फाइली आहेत. निवडलेली पायरी गरजेपेक्षा खोल ठरली की ‘अबव्ह’चा आकडा वाढतो, आणखी खोल उतरता आलं असतं तर ‘बिलो’चा वाढतो. आपला अंदाज कितीदा चुकला हे कर्नल स्वतः लिहून ठेवतो, ही मला या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

आता सुरुवातीच्या दोन लॅपटॉपांकडे येऊ. दोन्हींवर दहा सेकंदांच्या अंतराने ‘युसेज’ आणि ‘टाइम’ वाचले आणि वजाबाकी केली, असं समजा. पहिल्यावर झोपेचा वेळ ९० लाख मायक्रोसेकंद आणि झोपण्याच्या वेळा ६००. भागाकार केला तर एका झोपेला सरासरी १५,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १५ मिलिसेकंद. दुसऱ्यावर झोपेचा वेळ ९३ लाख मायक्रोसेकंद, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त. पण झोपण्याच्या वेळा १२,०००. भागाकार ७७५ मायक्रोसेकंद. ‘टॉप’मध्ये पहिला ९० टक्के रिकामा दिसेल आणि दुसरा ९३ टक्के. पण दुसऱ्याला सी८ साठी लागणारे ८०० मायक्रोसेकंदही सरासरीने सलग मिळत नाहीत. जास्त रिकामा असूनही वीज तोच जास्त खाणार.

३. टिकचा अडथळा

झोप अशी मोडतो कोण? पूर्वी याचा सर्वांत मोठा दोषी खुद्द कर्नल होता. वेळेचा हिशेब ठेवण्यासाठी तो दर सेकंदाला ठरावीक वेळा टायमर वाजवायचा. त्याला टिक म्हणतात. २.६ मालिकेच्या सुरुवातीला पीसीवर सेकंदाला १००० टिक होते, पुढे मूळ निवड २५० झाली. आता सी१० चे ५ मिलिसेकंद आठवा. सेकंदाला १००० टिक म्हणजे दर १ मिलिसेकंदाला हाक. २५० टिक म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी. दोन्ही हिशेबांत ५ मिलिसेकंदांची सलग झोप अशक्य आहे, मग यंत्रावर एकही प्रोग्रॅम चालू नसला तरी.

थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामामुळे २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या कोअरवर टिक थांबवता येऊ लागला. टिकचा गोंगाट थांबताच बाकीचे दोषी दिसायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन खुलं केलं. प्रोसेसरला सेकंदाला कितीदा कोण उठवतं, याची यादी ते नावानिशी समोर ठेवतं. विनाकारण दर थोड्या वेळाने उठून ‘काही बदललं का?’ असं पाहणारे प्रोग्रॅम त्यामुळे उघडे पडले आणि एकामागून एक दुरुस्त झाले. आजही नव्या यंत्रावर पहिला अर्धा तास द्यायचा तर तो पॉवरटॉपला द्यावा.

४. जागेपणीचा वेग

आतापर्यंत झोपेचं बोललो. जागा असतानाही कोअर एकाच वेगाने धावत नाही. फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज यांच्या जोड्यांना पी-स्टेट म्हणतात; पी० सर्वांत वेगवान. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येतं आणि खरी बचत तिथे होते, कारण चिपच्या हालचालीला लागणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग निम्मा केला आणि व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरलं तर वीज ०.५ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.३२ पट होते. काम संपायला दुप्पट वेळ लागेल हे धरलं तरी त्या कामाची एकूण ऊर्जा ०.६४ पट. अर्थात हा फक्त कोअरचा हिशेब झाला. तेवढा जादा वेळ बाकीची चिप जागी राहते, त्याची वीज वेगळी. म्हणून काही कामं झटपट उरकून झोपणं फायद्याचं ठरतं आणि काही संथपणे करणं. नेमकं कोणतं, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. वेग ठरवायचं काम कर्नलकडेच असतं असं आता राहिलेलं नाही. स्कायलेकपासून इंटेलचा प्रोसेसर कर्नलकडून फक्त कल घेतो आणि फ्रिक्वेन्सी स्वतः निवडतो. कर्नलने काय मागितलं यावरून वेग ओळखायचे दिवस त्यामुळे सरले.

५. दोन मोजण्या, एक भागाकार

मग खरा वेग कसा कळतो? प्रोसेसरच्या आतच दोन मोजण्या चालू असतात, त्यांची नावं एमपर्फ आणि एपर्फ. दोन्ही फक्त सी० मध्ये, म्हणजे कोअर जागा असतानाच पुढे सरकतात. एमपर्फ कायम ठरावीक पायाभूत वेगाने मोजतो. एपर्फ त्या क्षणी कोअर ज्या वेगाने धावत असेल त्या वेगाने. जोडीला टीएससी नावाचा तिसरा मोजक असतो. तो झोप-जाग न पाहता सतत पायाभूत वेगाने चालतो. या तिघांवरून सगळं निघतं.

पायाभूत वेग २००० मेगाहर्ट्झ आहे आणि आपण ५ सेकंद मोजलं, असं धरू. टीएससी १०,००० दशलक्षांनी पुढे गेला. एमपर्फ १००० दशलक्षांनी. एपर्फ १५०० दशलक्षांनी. एमपर्फला टीएससीने भागलं की १० टक्के: कोअर एवढाच वेळ जागा होता. एपर्फला एमपर्फने भागलं की दीड: जागा असताना तो पायाभूत वेगाच्या दीडपट, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झने धावत होता. आणि एपर्फला ५ सेकंदांनी भागलं की ३०० मेगाहर्ट्झ: झोपेसह सगळ्या वेळेवर पसरलेली सरासरी.

हे तीन आकडे ‘टर्बोस्टॅट’ या साधनात तीन रकान्यांत मिळतात. लेन ब्राउन यांनी लिहिलेलं हे साधन कर्नलच्या मूळ संचातच येतं. ३०० हा आकडा ‘ॲव्हरेज मेगाहर्ट्झ’चा, १० ‘बिझी टक्के’चा, ३००० ‘बिझी मेगाहर्ट्झ’चा. पुष्कळ जण ३०० वाचून प्रोसेसर संथ चालतोय असा निष्कर्ष काढतात. तो संथ मुळीच नाही. जागा झाला की दीडपट वेगाने धावतो आणि काम उरकताच झोपतो.

६. मागितलं एक, मिळालं दुसरं

टर्बोस्टॅटच्या तक्त्यात झोपेचे रकाने दोनदा येतात, आणि नवखा वाचक तिथे गोंधळतो. एका गटात पायरीच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह असतं. तो कर्नलने मागितलेल्या पायऱ्यांचा हिशेब. दुसऱ्या गटाची नावं ‘सीपीयू टक्के’ आणि ‘पॅकेज टक्के’ अशी सुरू होतात. तो प्रोसेसरने प्रत्यक्ष दिलेल्या पायऱ्यांचा. सिस डिरेक्टरीतल्या ज्या फाइलींची वर वजाबाकी केली, त्याही मागणीच्याच बाजूला मोडतात.

मागणी आणि पुरवठा यांत तफावत असेल तर तिथेच थांबून शोध घ्यावा. एका कोअरवर दोन थ्रेड चालत असतील तर दोघांनी मागितल्याशिवाय कोअर सी६ मध्ये जात नाही. सगळे कोअर गाढ झोपलेत, पण पॅकेजचे खोल रकाने शून्यावर अडकलेत, असं दिसलं तर संशय बाहेरच्या उपकरणांवर घ्यावा: एखादा डिस्क-ड्राइव्ह किंवा नेटवर्क कार्ड आपली पीसीआय एक्स्प्रेसची जोडणी विश्रांतीला जाऊ देत नसतं. कधी बायोसमध्येच मर्यादा घातलेली असते; टर्बोस्टॅट सुरू होताना ती छापतो, पण ते वाचायचं राहून जातं. आणि कधी कोणीतरी पूर्वी कर्नलला सी१ च्या खाली न जाण्याचा आदेश देऊन ठेवलेला असतो. इंटेलच्या बे ट्रेल चिप असलेली यंत्रं लिनक्सवर मध्येच गोठायची, तेव्हा हा आदेश हाच उपाय म्हणून वर्षानुवर्षं सांगितला जात होता. अडचण सरल्यावरही तो तसाच राहिला असेल तर बॅटरी त्याची किंमत मोजते.

खोल झोप मुद्दाम टाळण्याची गरजही खरी असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ८९० मायक्रोसेकंदांची दिरंगाईसुद्धा जाचक होऊ शकते. त्यासाठी कर्नलने रीतसर सोय केली आहे: एका विशिष्ट फाइलीत किती दिरंगाई चालेल ते लिहायचं, आणि फाइल उघडी असेपर्यंत कर्नल ती अट पाळतो. प्रोग्रॅम बंद झाला की अट आपोआप उठते.

व्हर्च्युअल मशिनच्या आत बसून हे मोजायला जाऊ नये. हे मोजक पाहुण्या यंत्राला सहसा वाचताच येत नाहीत.

७. मोजणाऱ्याची अडचण

दुकान बंद आहे का हे पाहायला कोणी दर मिनिटाला शटर वाजवू लागला तर दुकानदार झोपणार कसा? प्रोसेसर मोजतानाची सर्वांत मोठी अडचण हीच. प्रत्येक कोअरचे मोजक त्याच कोअरवर जाऊन वाचावे लागतात, आणि वाचायचे तर त्याला उठवावं लागतं. सेकंदाला दहा वेळा ताजे आकडे दाखवणारं एखादं सुंदर ग्राफिकल साधन म्हणून खरं तर स्वतःनेच केलेला गोंधळ मोजत बसतं.

उलट बाजूही अडचणीची आहे. ‘टाइम’ या फाइलीत भर पडते ती कोअर जागा झाल्यावर. तो अजून झोपलेला असताना फाइल वाचली तर चालू झोप हिशेबात आलेली नसते. आणि मोजणीच्या आधी सुरू झालेली लांब झोप आत सापडली तर बेरीज १०० टक्क्यांच्या वर जाते. ‘सीपीयूपॉवर’ या साधनाच्या मॉनिटर आज्ञेत म्हणूनच एक पर्याय ठेवला आहे: मोजणीच्या आरंभी आणि शेवटी प्रत्येक कोअरला एकदा मुद्दाम उठवायचं, म्हणजे हिशेब जुळतो. मधल्या काळात मात्र त्याला हात लावायचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सतत बदलणारे आकडे बघत बसण्यात अर्थ नाही. टर्बोस्टॅट आणि सीपीयूपॉवर मॉनिटर या दोघांनाही एखादी आज्ञा सोपवता येते. ती चालू असेपर्यंत ते मोजतात आणि शेवटी एकच तक्ता देतात. ‘स्लीप ६०’ अशी निव्वळ साठ सेकंद थांबणारी आज्ञा द्यावी, कीबोर्ड-माउसवरून हात काढावा, आणि साठ सेकंदांनी येणारा तक्ता वाचावा. रिकाम्या यंत्राची याहून प्रामाणिक मोजणी घरबसल्या करता येत नाही.

८. शेवटी वॅटमध्ये

टक्के आणि मेगाहर्ट्झ यांच्यावरून वीज अंदाजता येते, पण २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलच्या चिप ती थेट सांगतात. या सोयीचं नाव ‘रॅपल’. सिस डिरेक्टरीतल्या पॉवरकॅप विभागात ऊर्जेचा वाढत जाणारा आकडा मायक्रोजूलमध्ये मिळतो. दहा सेकंदांत तो ४ कोटी २० लाखांनी वाढला, तर ४२ जूल झाले. भागिले १० सेकंद, म्हणजे ४.२ वॅट. हा फक्त प्रोसेसरचा आकडा. पडदा, पंखा, डिस्क यांचा त्यात समावेश नसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्राझ तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लॅटिपस’ हा हल्ला जाहीर केला. विजेच्या चढउतारावरून गुप्त किल्ल्या शोधता येतात, असं त्यांनी त्यात दाखवून दिलं. तेव्हापासून हा आकडा फक्त रूट वापरकर्त्यालाच वाचता येतो.

दिवसरात्र चालू राहणाऱ्या एखाद्या यंत्रात खोल झोप अडल्यामुळे १० वॅट जादा जात असतील, असं धरा. वर्षाचे तास ८७६०, तेव्हा जादा वीज ८७.६ युनिट. अशी २० यंत्रं असलेल्या लॅबमध्ये १७५२ युनिट. शाळेची लॅब, ग्रंथालयाचा सर्व्हर किंवा कचेरीतली रात्रभर चालू राहणारी यंत्रं ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी नवी यंत्रं मागवण्याआधी निदान एका यंत्रावर साठ सेकंदांचा तक्ता काढावा आणि त्यातला पॅकेजचा रकाना आधी वाचावा.